ऐकू आले नाही, पुन्हा सांगा

एकदा एका नदीकाठच्या गावी तांब्यापितळेच्या भांड्यांचा एक व्यापारी राहत होता. मोरेश्वर त्याचे नाव. वय सत्तावन्न, पण ते त्याने आपले म्हणून कधी मान्य केले नव्हते. दर पंधरवड्याला तो केसांना कलप लावी आणि उशीच्या अभ्र्यावरचे काळे डाग सायकलच्या वंगणाचे आहेत, असे बायकोला सांगे. जमिनीवरून उठताना गुडघा वाजला की तो आवाज झाकण्यासाठी मोठ्याने खोके. चष्मा दुकानातल्या खणात ठेवून तो लग्नपत्रिका अंदाजाने वाची, आणि एकदा तर भलत्याच कार्यालयात जाऊन, अनोळखी वधूवरांवर अक्षता टाकून, पोटभर जेवून आला होता. घरचे हसत, तोही हसे.

एका गोष्टीवर मात्र कुणी हसत नसे, कारण ती कुणाला ठाऊकच नव्हती. दोन वर्षांपासून मोरेश्वरला कमी ऐकू येत होते.

त्यावर त्याने आपल्यापुरता उपाय काढला होता. समोरचा बोलायचा थांबला की तो प्रसन्नपणे मान डोलावी आणि म्हणे, "वा, उत्तम!" बहुतेक बोलण्याला हे उत्तर चालून जाते, असा त्याचा अनुभव होता. उतारवयात मोरेश्वर फार गोड झाला, असे लोक म्हणू लागले होते.

वैशाखात एका लग्नात त्याचा बालमित्र रघुत्तम त्याला शोधत आला. त्याने मोरेश्वरचे कोपर धरून त्याला बाजूला नेले आणि खालच्या आवाजात काहीतरी सांगितले. दारात बँड वाजत होता. मोरेश्वरने नेहमीप्रमाणे मान डोलावली. "वा, उत्तम! आनंद आहे," तो म्हणाला. रघुत्तमने त्याचे कोपर सोडले आणि पंगतीला न थांबता तो निघून गेला.

चाळीस वर्षे रोज सकाळी दुकानात येऊन वर्तमानपत्र वाचणारा रघुत्तम त्या दिवसापासून फिरकला नाही. तो बायकोला घेऊन मुलीकडे शहरात गेला आहे, एवढे कानावर आले. जाताना सांगितले नाही, म्हणून मोरेश्वर रुसला. त्यानेही चौकशी केली नाही. भाद्रपदात कळले की रघुत्तमची पत्नी शालिनी गेली आणि तो गावी परतला आहे. मोरेश्वर तातडीने भेटायला गेला, तेव्हा ज्याने जन्मभर त्याला "ये रे" म्हणून हाक मारली होती, तो रघुत्तम दारात उभा राहून म्हणाला, "या. बसा." त्यापलीकडे तो बोलला नाही.

ते "या, बसा" मोरेश्वरच्या मनातून जाईना. अखेर तो आपल्या शाळेतल्या गुरुजींकडे, शास्त्रीबुवांकडे गेला. शास्त्रीबुवा पंच्याऐंशी वर्षांचे होते आणि दर गुरुवारी त्यांच्या ओसरीवर दहापाच माणसे काही विचारायला, काही ऐकायला जमत. रघुत्तमचे लग्नातले बोलणे तेवढे सोडून मोरेश्वरने सारी हकीकत सांगितली. मित्र बदलला, दुःखाने माणूस कडवट होतो, असा निष्कर्षही त्याने स्वतःच काढला. बुवांनी त्याला आपल्या शेजारी बसायला सांगितले.

थोड्या वेळाने मागच्या बाजूने एका गृहस्थांनी प्रश्न विचारला. बुवांनी कानामागे हात नेला. "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा." गृहस्थांनी पुन्हा विचारले. बुवा म्हणाले, "अजून नाही आलं." कुणीतरी हसले. तिसऱ्या वेळीही तेच झाले, तेव्हा बुवा काठी टेकत उठले, माणसांमधून वाट काढत मागे गेले, त्या गृहस्थांच्या अगदी जवळ बसले आणि त्यांनी प्रश्न शांतपणे ऐकून घेतला.

मोरेश्वर चकित झाला. घटकेपूर्वीच याच बुवांनी ओसरीवरून आत हाक मारली होती, "सूनबाई, दूध उतू जातंय." ज्याला दुधाचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो, त्याला दहा हात अंतरावरचा माणूस ऐकू येऊ नये? मंडळी पांगल्यावर त्याने संकोचाने तसे विचारले.

"मला ऐकू येतं," बुवा म्हणाले. "तुला येत नाही."

मोरेश्वरने खाली पाहिले. बुवा संथपणे बोलू लागले.

"आमची ही, तुझी काकू, शेवटची नऊ वर्षं बहिरी होती. मला ठाऊक नव्हतं. मी एक विचारावं, तिनं भलतंच सांगावं. मला वाटलं, हिचं माझ्याकडे लक्ष उरलं नाही. मी बोलणं कमी केलं. पुढे जेवतानाही पोथी वाचू लागलो. ती गेल्यावर तिच्या बहिणीनं मला सांगितलं की, ती माझे ओठ पाहून शब्द ओळखायची. आणि मी तर तोंडापुढे पोथी धरून बसायचो."

बुवांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"तिनं मला का सांगितलं नाही, ठाऊक आहे? माझे एक मामा बहिरे होते. सणावाराला मी त्यांची नक्कल करायचो. सारं घर हसायचं, तीही हसायची. मग ती कशी सांगणार? तेव्हापासून दर गुरुवारी मी चारचौघांत एकदा तरी म्हणतो, ऐकू आलं नाही. लोक हसतात, हसू देत. त्यातल्या एखाद्याला घरी जाऊन तसं म्हणायची लाज वाटू नये, एवढंच. म्हातारपण लपवता येतं रे, पण लपवताना आपण आपल्या माणसापासूनच लपतो." मग त्यांनी विचारले, "लग्नात रघुत्तम काय म्हणाला होता?"

"मला ऐकूच आलं नव्हतं," मोरेश्वर म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात प्रथमच उच्चारले होते.

तो तेथून उठला तो थेट रघुत्तमच्या घरी गेला. उठताना गुडघा वाजला. तो खोकला नाही. रघुत्तमने पुन्हा "या" म्हटले. मोरेश्वर उभ्या उभ्याच बोलला. "रघू, दोन वर्षं झाली, मला नीट ऐकू येत नाही. त्या दिवशी तू काय बोललास, मला कळलं नव्हतं. पुन्हा सांगशील?"

रघुत्तमने मोरेश्वरला बसवले, खुर्ची ओढून तो त्याच्या कानाशी बसला आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला, "शालिनीला कॅन्सर निघालाय. उद्या तिला शहरात न्यायचंय. तू सोबत चल, मला एकट्यानं भीती वाटते."

मोरेश्वरने तोंडावर उपरणे घेतले. रघुत्तमने त्याला समजावले नाही आणि दोषही दिला नाही. त्याला बोलायला कुणीतरी हवे होते. तो शहरातल्या दवाखान्याचे सांगू लागला, तिच्या खाण्यापिण्याचे, गळून गेलेल्या केसांचे. मधे मधे मोरेश्वर म्हणे, "हे नाही ऐकू आलं रे," आणि रघुत्तम पुन्हा सांगे. काही वाक्ये त्याला दोनदा सांगावी लागली, काही तीनदा.

दिवेलागणीला रघुत्तमचा आवाज थकला. अगदी हळू, जणू स्वतःशीच, तो म्हणाला, "शेवटपर्यंत विचारायची, मोरूभावजी कसे आले नाहीत म्हणून."

ते मात्र मोरेश्वरला पहिल्याच वेळी ऐकू आले.