नकाराचा रकाना

“मग त्यात चुकलं काय, एवढं तरी सांगा!”

ऋतुजा खराडेनं फाइल अक्कांच्या पुढ्यात जवळजवळ आपटलीच. निवडलेल्या मेथीची चार पानं उडून खाली पडली.

तिचा संताप खोटा नव्हता. बेचाळीस पानांचा प्रकल्प होता तो, पोषण आणि समाजसेवेच्या पदविकेचा. कॉलेजातल्या मॅडमनी वर्गासमोर वाचून दाखवलेला. आणि प्रत्यक्ष कामाच्या शेऱ्याखाली सही कुणाची हवी होती, तर माळावरच्या या वृद्धाश्रमातल्या अक्कांची. सातवी पास. सगळी हयात सरकारी दवाखान्यात आया म्हणून गेलेली. आता खाटेवरच्या म्हाताऱ्यांची खोली सांभाळणारी. ही बाई आपला कागद अडवून धरते म्हणजे काय!

“वाच की,” अक्का म्हणाल्या. “माझा चष्मा खोलीत ऱ्हायलाय.”

ऋतुजानं वाचलं. खणखणीत वाचलं.

“शंकरअण्णा मगदूम, वय एक्क्याऐंशी. आश्रमात येऊन अठरा दिवस. लकव्यानं उजवा हात आणि वाचा गेली. गिळण्यात अडचण नाही. अठरा दिवसांत वजन चार किलोंनी कमी. दोन्ही वेळा जेवण समोर येताच तोंड फिरवतात. चहा-बिस्कीट मात्र आवडीनं घेतात. निष्कर्ष : जेवणास हेतुपुरस्सर नकार. स्वभाव हट्टी. शिफारस : नाकातून नळी.”

“नळी कधी घालणार?”

“परवा, सोमवारी. डॉक्टरांनी माझाच अहवाल बघून ठरवलं.” हे सांगताना तिची मान नकळत ताठ झाली. “त्यांनी ती उपसून टाकू नये म्हणून डावा हात खाटेला बांधावा लागेल.”

अक्कांचा हात मेथीवरच थांबला.

...

“भरवलं कुणी? तू? त्या वक्ताला मी स्वयंपाकघरात असती.”

“अठराही दिवस. सकाळी अकराला, संध्याकाळी सहाला. भरवावं लागणारे ते एकटेच. ज्याला भरवायचं त्याचं आधी उरकायचं, मग बाकीच्यांची जेवणाची गाडी फिरवायची, हा नियम तुमच्याच आश्रमाचा. मी एक दिवस चुकवला नाही.”

“तोंड फिरवत्यात म्हणतीस. कुणाकडं?”

“कुणाकडे काय, अक्का! तिकडे, बाकीच्या खोलीकडे. फॉर्मवर दोनच रकाने आहेत, खाल्लं आणि नाकारलं. तोंड फिरवलं की नकार. पुस्तकात तसंच दिलंय.”

फॉर्म छापणाऱ्याला दोनच रकाने सुचले होते, आणि जगातली झाडून सगळी उपाशी माणसं त्यानं त्या दोहोंत कोंबायला सांगितली होती. पण हे तेव्हा ऋतुजाला कोण सांगणार? तिच्या नाकावर राग होता आणि हातात पुस्तक होतं.

अक्कांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“भूक लागलीया?”

लागली होती. सकाळपासून पोटात एक बनपाव होता.

दोन वाजता स्वयंपाकघरात कामाची माणसं जेवायला बसली. स्वयंपाकीण शेवंता, दोन मदतनीस बाया, अक्का आणि ऋतुजा. ताट अक्कांनी स्वतः वाढलं. गरम भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर आमटी, कडेला खर्डा. ते त्यांनी ऋतुजापुढे ठेवलं आणि त्या भिंतीला टेकून बसल्या.

बाकी कुणापुढे काहीच नव्हतं.

ऋतुजा वाट बघत राहिली. आमटीच्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं ताट जरा सरळ केलं. पाण्याचा तांब्या जवळ ओढला. शेवंताकडे पाहिलं. शेवंता पदराशी चाळा करत होती. तिनं दोघी मदतनीस बायांकडे पाहिलं. त्याही रिकाम्या हातांनी बसलेल्या.

आमटीवरची वाफ विरली.

“शेवंते, उचल ताट,” अक्का म्हणाल्या. ऋतुजाचंच पेन घेऊन त्यांनी फाइलच्या शेवटच्या पानावरचा फॉर्म उघडला, आणि दुसऱ्या रकान्यात एक ठसठशीत खूण केली.

ऋतुजाचा तोल सुटला.

“अहो, ही काय पद्धत झाली? जेवायला बसवता आणि पुढचं ताट ओढून घेता? मी कुठं नको म्हटलं?”

“हात लावला न्हाईस. पाच मिन्टं झाली. हट्टी दिसतीस.”

“कसा लावणार हात? यांच्यातल्या कुणाला वाढलंय का अजून? चार माणसं कोरडी बसलीयेत आणि मी एकटीनं गिळायचं? इतकी काही मी बेशरम...”

ती थांबली.

...

शेवंतानं उठून सगळ्यांना वाढलं. ऋतुजा मात्र आपला अहवाल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत बसली.

रविवारी सकाळी अकराला तिनं अण्णांचं ताट झाकून ठेवलं आणि जेवणाची गाडी स्वतः ढकलत खोलीत आणली. व्यवस्थापक दारात आडवे आले. आधी भरवायचं असतं, गाडी नंतर, नियम माहीत नाही का, असं ते म्हणाले. ऋतुजानं गाडी थांबवली नाही. शेवटी त्यांनाच पाय मागे घ्यावा लागला.

खोलीत नऊ खाटा. तिनं आठ जणांपुढे ताटं ठेवली आणि मग नववं ताट घेऊन अण्णांजवळ आली.

अण्णांनी तोंड फिरवलं.

ते पहिल्या खाटेकडे बघत होते. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. एकेका ताटावरून त्यांची नजर पार आठव्या खाटेपर्यंत गेली. तिथल्या म्हातारबुवांनी भाकरी मोडून पहिला घास तोंडात घातला.

अण्णा वळले आणि त्यांनी तोंड उघडलं.

एक घास. दुसरा. तिसऱ्याला तर चमचा त्यांनी दातांत धरून ठेवला, सोडवत नव्हता. आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी बघता बघता गेली. ऋतुजाचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःची लाज वाटली.

अक्का आपलं ताट घेऊन आल्या आणि खाटेशेजारी जमिनीवरच बसल्या. ऋतुजाचंही ताट त्यांनी आणलं होतं. ती बसली. एक घास अण्णांना, एक आपल्याला, असं थोडा वेळ चाललं.

पण आत काहीतरी उकळत होतं. ते उतू गेलंच.

“अठरा दिवस, अक्का! अठरा दिवस हा माणूस सगळ्यांची ताटं शोधत होता, आणि मी चमचा घेऊन त्यांच्या तोंडामागे धावत होते. वर हट्टी म्हणून लिहिलं! उद्या त्यांचा धड राहिलेला हातही बांधला असता. चहा सगळ्यांना एकदम मिळतो म्हणून ते चहा घेत होते, हे माझ्याच कागदावर होतं. मला दिसलं नाही. या एवढ्या मोठ्या आश्रमात कुणालाच दिसलं नाही?”

अक्का जेवत होत्या.

“जळो तो नियम! आणि माझी ती बेचाळीस पानं पण जळोत. मी ऑफिसात जाते. आत्ताच्या आत्ता. डॉक्टरांना फोन लावते, नळी रद्द करा म्हणून सांगते, आणि त्या व्यवस्थापकांना विचारते, हा नियम काढला कुणी?”

तिनं अर्धं ताट बाजूला सारलं आणि ती ताडकन उभी राहिली.

अण्णांचा जबडा थांबला. तोंडात घास तसाच धरून ते तिच्याकडे बघत राहिले.

...

अक्कांनी मान वर केली नाही.

“बस खाली. अण्णा जेवत्यात.”