पाणकोंबडीचं बक्षीस

तळी बोलत असत त्या काळात एका तळ्यावर बगळ्यांच्या एकाच मंडळाची सत्ता होती. दाणा सगळ्यांना सारखा मिळे आणि तळं सोडून जायची बंदीही सगळ्यांना सारखीच होती.

शेजारची टिटवी पळून जायच्या तयारीत आहे, हे पाणकोंबडीला कळलं आणि तिचा जळफळाट झाला. ‘ही मोकळ्या आभाळात उडणार, नि मी इथेच चिखल तुडवत बसणार?’ तिने मंडळाकडे जाऊन चुगली केली. टिटवीचे पंख छाटले गेले.

मुख्य बगळा खूश झाला. “शाब्बास बाई! बोल, काय बक्षीस देऊ?”

पाणकोंबडीच्या तोंडून निघून गेलं, “मला जाऊ द्या.”

त्याच दुपारी तिचेही पंख छाटले. टिटवीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग सरकून तिला बसायला जागा दिली.