राजेसाहेबांनी न फोडलेली गाडगी

“अगं, राजेसाहेबांनी भर मैदानात राणीसाहेबांवर पिस्तूल रोखलं, आणि हौसा कुंभारणीला वेशीबाहेर...” एवढं बोलून कासारीण बांगड्यांची टोपली उचलून पुढच्या आळीला गेली. मागे राहिलेल्या अर्ध्या बातमीला मग पाय फुटले. कुणी म्हणालं राणीसाहेब माहेरी निघाल्या, कुणी म्हणालं हौसाची गाढवंसुद्धा जप्त झाली.

घडलं होतं ते असं.

भादोलगडच्या राजेसाहेबांना पिस्तुलाचं भारी वेड. दर दसऱ्याला ते शर्यत लावत. एका जागी उभं राहून नेम धरायची नव्हे! धावत जायचं, बैलगाडीआडून, भिंतीच्या भोकातून, गुडघ्यावर बसून, समोर मातीच्या बांधावर मांडलेली गाडगी फोडायची, आणि तीही घड्याळातली वाळू संपायच्या आत. नियम राजेसाहेबांनी स्वतः केलेले. खूण होईपर्यंत पिस्तूल कमरेच्या कातडी म्यानात राहील. गाडगं फुटलं तरच धरायचं, नुसता तडा गेला तर नाही. कारण पिस्तुलाचा हिसका बसू नये म्हणून काडतुसात दारू चिमूटभर कमी भरणारे महाभाग काही थोडे नव्हते. आणि सगळ्यांत मोठा नियम तर ते दर वर्षी गर्जून सांगत, “नळी जिकडे, तिकडे तुमचं निशाण. म्हणून नळी बांधाकडेच. माणसांकडे वळली की गडी बाद, मग तो कुणी का असेना!”

पंच म्हणून आधी सरदार बसत. ते एकमेकांच्या हुकलेल्या गोळीलाही वाहवा देत. वैतागून राजेसाहेबांनी हौसालाच पंच नेमलं. गाडगी तिच्याच आव्यात भाजलेली, तेव्हा कुठलं धड आणि कुठलं तडकलं हे ती टिचकी मारून सांगे. त्याबदल्यात राजतळ्याची काळी माती तिला मोकळी. मात्र कुणाची एक जरी चूक पोटात घातली तर माती बंद. त्या मातीवाचून हौसाचं चाक फिरतंय कसलं!

त्या दसऱ्याला कारभारी विसाजीपंतांच्या भाच्यानं सगळ्यांच्या आधी शर्यत पुरी केली. हौसानं उभ्या राहिलेल्या गाडग्यांवर टिचक्या मारल्या. सगळी बद्द वाजली.

“तडे आहेत, फुटलेली नाहीत,” ती म्हणाली. “यांची काडतुसं उपाशी होती.”

लोक हसले. विसाजीपंत ओठ चावत बसले.

मग राजेसाहेब उतरले. काय धावले, काय वाकले! शेवटचं गाडगं उडालं तसा एकच जयजयकार झाला, आणि राजेसाहेब हरखून, पिस्तूल हातात तसंच धरून, गर्रकन मागे वळले. नळी बघ्यांच्या अख्ख्या मांडवावरून फिरली. राणीसाहेबांवरून, सरदारांवरून, शेंगा विकणाऱ्या म्हातारीवरूनसुद्धा.

पुढच्या रांगेतली डोकी पटापट खाली वाकली.

विसाजीपंतांना हेच हवं होतं. पंचांनी आपला निवाडा द्यावा, असं ते मोठ्या अदबीनं म्हणाले. आणि राजाला ‘बाद’ म्हणणाऱ्याला संस्थानाबाहेर घालवायचं, या थोरल्या महाराजांपासूनच्या हुकमाचीही त्यांनी जाता जाता आठवण करून दिली.

राजेसाहेबांना चूक कळली होती. पण चारचौघांत ती कबूल करणार कोण? मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, “गप्प बसलीस तर माती बंद. मला बाद म्हणालीस तर वेशीबाहेर. आता बोल, हौसा.”

हौसानं हात पदराला पुसले.

“बोलते, सरकार. पण अजून माझं मोजून झालेलं नाही.”

असं म्हणून ती बांधाकडे जायच्या ऐवजी थेट मांडवात शिरली. राणीसाहेबांना तिनं खालीवर न्याहाळलं. “हे धड आहे.” शेजारचे सरदार पाहिले. “हेही धड.” शेंगावाल्या म्हातारीपाशी थांबली. “जुनं आहे, पण धड.”

“हा काय चावटपणा?” विसाजीपंत बसक्या आवाजात ओरडले.

हौसानं कान तिकडे नेला. “यांचा आवाज तेवढा बद्द येतोय. फुटलेले मात्र नाहीत.”

मांडवात खसखस पिकली. राजेसाहेबांनी विचारलं, “अगं, मोजतेस तरी काय?”

“निशाणं, सरकार. नळी जिकडे, तिकडे निशाण. नियम तुमचाच. बांधावरची सगळी तुम्ही फोडलीत. पण इकडं मांडवभर मांडलेली, त्यातलं एक फुटलं नाही, कुणाला तडासुद्धा नाही! इतका नेम चुकलेला गडी मी आजवर बघितला नव्हता. सरकारांचा नंबर शेवटचा. कारभाऱ्यांच्या भाच्याच्याही मागं.”

भाच्याच्याही मागं! हे मात्र राजेसाहेबांना झोंबलं.

“ती माणसं आहेत, निशाणं नव्हेत! आणि पिस्तूल रिकामं होतं.”

“रिकामं होतं ते सरकारांना ठाऊक. नळीपुढच्याला कसं कळावं?” हौसानं हात जोडले. “आणि माणसं असतील, तर माणसांवर नळी फिरवणाऱ्या गड्याला काय म्हणायचं, ते ज्यानं नियम केला त्यानंच सांगावं. मी बाई तो शब्द तोंडातून काढायची नाही. मला माती लागते.”

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. मग राजेसाहेब असे हसत सुटले की मांडवाच्या कनाती हलल्या.

“बाद!” ते स्वतःच ओरडले. नळी बांधाकडे ठेवून त्यांनी पिस्तूल म्यानात घातलं, बाद गड्यासारखी मैदानाची दोरी ओलांडली आणि पलीकडून, या खेपेला रिकाम्या हातानं वळून, सांगितलं, “राजतळ्याची माती आजपासून कायमची हौसाची. पंच असो वा नसो!”

राणीसाहेब म्हणाल्या, “मला धड म्हणालीस, त्याबद्दल माझ्याकडून हिरवा चुडा.” आणि त्यांनी कासारणीला हाक मारली.

कासारीण होती कुठे? ‘वेशीबाहेर’ हा शब्द कानावर पडताच ती टोपली उचलून गावात पळाली होती. नळी राणीसाहेबांवर आली, इथपर्यंत तिचं खरं. पण बाहेर गेली ती हौसा नव्हे; दोरीबाहेर उभे राहून डोळे पुसत हसत होते, ते राजेसाहेब.