भिंतीवरचे ठसे

माणसाने जंगलात पाऊल टाकण्याच्या आधीची गोष्ट. एक म्हातारा वानर वैद्यकी करायचा. काटा काढण्याआधी तो मुळीचा रस पाजून जनावराला गुंगी आणायचा. याने सूजही उतरते, असं छातीठोकपणे सांगायचा. ज्यांच्यावर रस आजमावला, त्यांच्या पावलांचे ठसे त्याने गुहेच्या मातीच्या भिंतीवर उमटवून घेतले होते.

चंदी कोल्हीण काटा काढून घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी लंगडत परत आली. पंजा टम्म फुगला होता.

"पथ्य मोडलं असशील," वैद्य म्हणाला.

"पथ्य माझ्या नवऱ्यानं मोडलं, तरी त्याची सूज उतरली," चंदी म्हणाली. "हरिणीची आणि वाघिणीची माझ्यासारखीच वाढली. या भिंतीवर मादीचा ठसा कुठाय, दाखवा."

"मादीवर नाही आजमावलं. तुम्ही कधी गाभण, कधी पिल्लांना पाजणाऱ्या. तुमचा काही नेम नसतो."

"आजमावताना नको होतो, मग रस पाजताना कशा चाललो?"

चंदीने भिंतीवर ओली माती थापली आणि दात आवळून सुजलेला पंजा तिच्यात दाबला.

कोल्हिणीचा तो ठसा शेजारच्या वाघाच्या ठशाहून मोठा उमटला.