झाकल्या पदराचा रांजण

बालाघाटाच्या उतारावर शिरसदरा नावाचं गाव आहे. तिथल्या मठात येसोबा महाराज राहत असत. महाराजांनी गावाला एकच व्रत दिलं होतं. दळायला बसण्याआधी घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि सोमवारी मठात आणायचं. मठाच्या अंधाऱ्या कोठीत एक रांजण होता. एकेकाने आत जायचं, हात पदराखाली नाहीतर उपरण्याखाली झाकलेला. बाहेर यायचं तेही झाकूनच. ज्याच्या घरी आहे त्याने टाकावं, ज्याच्या घरी नाही त्याने घ्यावं, आणि कोणी काय केलं हे कोणी विचारू नये. "देणारा हात आणि घेणारा हात देवानं एकाच मातीचा घडवलाय, बाबांनो," असं महाराज म्हणत.

याच गावात बसलिंगशेट नावाचा व्यापारी होता. गरिबीतून वर आलेला, आणि ते विसरू न देणारा. "बाप गेला तेव्हा मी एवढासा होतो. पण मामानं गाडीनं राळ्याचं धान्य पाठवून आम्हाला जगवलं. माझ्या आईनं कुणापुढं हात पसरला नाही," हे तो आल्यागेल्याला ऐकवी. झाकून दान करणं त्याला मुळीच पटत नसे. देणारा चारचौघांत दिसावा आणि घेणाराही दिसावा, असं त्याचं म्हणणं.

एका सोमवारी महाराज नदीवर स्नानाला गेले असताना बसलिंगशेट ज्वारीचं पोतं गाडीत घालून आला, तोही पुढे हलगी वाजवायला लावून. त्याने गड्यांकडून रांजण अंगणात आणवला, त्यात पोतं ओतलं आणि शेजारी घोंगडी टाकून बसला.

"माझी ज्वारी कुणाच्या पोटात जाते ते बघू तर द्या. फुकट्यांचं फार फावलंय इथं," तो म्हणाला. लोक खाली मान घालून उभे राहिले. शेटजींना अडवायची छाती कुणाची?

तेवढ्यात सुंद्रा कोष्टीण आली. तिचा नवरा भिवा तापाने अंथरुणाला खिळलेला, माग बंद, पोरं कालपासून उपाशी. मठात रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मडक्याच्या तळाची शेवटची मूठ तिने पदराखाली आणली होती. ती टाकून थोडं जास्त घ्यावं, एवढंच मनात होतं.

"काय गं, टाकायला आलीस का न्यायला?" शेटजीने विचारलं. "पदर काढ की. बघू दे सगळ्यांना."

सुंद्राचा चेहरा पांढराफटक पडला. न्यायला आले म्हणावं तर नवऱ्याची अब्रू जाते, न न्यावं तर पोरांच्या पोटाचं काय?

"टाकायलाच आले, मालक," ती म्हणाली. तिने मूठ रांजणात सोडली आणि माघारी वळली. पोरांच्या तोंडचा घास त्या माउलीने असा देऊन टाकला, आणि शेटजी हसला.

"थांब, बाई." ओल्या धोतरानिशी महाराज दारात उभे होते. त्यांनी रांजणाकडे पाहिलं, सुंद्राकडे पाहिलं. रागाचा एक शब्द नाही. ते म्हणाले, "शेटजी, ज्वारी तुमची ना? मग या लेकीला आपल्या हातानं एक ओंजळ द्या."

"देतो की, सगळ्यांदेखत देतो." बसलिंगशेटने ऐटीत रांजणात हात घातले. दाणे बोटांना बारीक लागले. त्याने ओंजळ वर काढली आणि तो जागच्या जागी थिजला. ओंजळीत ज्वारी नव्हती. पिवळेधमक राळे होते!

त्या मुलखात राळे पेरणं कधीच सुटलं होतं. पण वास तोच. लहानपणी आई पदराखाली झाकून आणायची, तेच हे राळे. आणायची दर सोमवारी. मामाची गाडी दाराशी आलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती. आई सोमवारी कुठे जाते, हेही त्याने कधी विचारलं नव्हतं.

"काय निघालं, शेटजी?" लोक पुढे सरकले. आईने जन्मभर झाकलेलं आता भर अंगणात उघडं पडणार, म्हणून त्याने डोळे मिटले.

तोच महाराजांनी खांद्यावरचा पंचा त्या ओंजळीवर टाकला. "झाकलेलं झाकलेलंच राहू द्या," ते लोकांना म्हणाले. मग त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "तुझी आई फार मानी होती रे. तीही कधी रिकाम्या हातानं आली नाही."

बसलिंगशेट महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी पाय मागे घेतले. "मला काय नमस्कार करतोस? जिला चारचौघांत पदर काढायला सांगितलंस, तिला कर." आणि ज्याच्यापुढे गाव वाकायचं, त्या शेटजीने कोष्टिणीपुढे डोकं मातीला टेकवलं.

मग त्याने गड्यांबरोबर स्वतः हात लावून रांजण कोठीत परत नेला. सुंद्रा आत गेली आणि पदर झाकून बाहेर आली. पदरात काय होतं ते कुणी पाहिलं नाही. पण भिवाचा माग पुन्हा खडखडू लागेपर्यंत त्या घरची चूल थंड पडली नाही, एवढं सगळ्या गावाने पाहिलं.

पुढच्या सोमवारी गाडी नव्हती, हलगी नव्हती. बसलिंगशेट अनवाणी आला आणि बायाबापड्यांच्या मागे रांगेत उभा राहिला. उपरण्याखाली हात झाकून तो कोठीत गेला, बऱ्याच वेळाने तसाच हात झाकून बाहेर आला. डोळे तेवढे ओले होते. त्याने टाकलं की घेतलं, ते येसोबा महाराजांनाच ठाऊक.