खडपातली बाळंतीण

खडपकोंडाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, घराएवढ्या धोंड्यांची रास पडली आहे. तिच्या फटींत राखी रंगाचा, लांब शेपटीचा एक लहानसा उंदीर राहतो. शेजारच्या गावांत त्याला खडपउंदीर म्हणतात. इथे मात्र पाहुण्याच्या तोंडून ‘उंदीर’ निघाले, की देवळातले म्हातारे सोनू गुरव लगेच टोकतात, “बाळंतीण म्हणा! नर असला तरी बाळंतीणच.” मग पायरीवर बसून हकीकत सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, या धोंड्यांच्या जागी भागीरथीचे घर होते. तिची सून येसू नुकतीच बाळंत झाली होती. पाचवी पुजेपर्यंत बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, ही रीत, आणि भागीरथी रीतीला पक्की. बाहेर आषाढाची झड लागलेली. खोलीच्या झरोक्यातून येसूला समोरची कपार दिसे. त्या दिवशी तिथली उंदरीण भर दिवसा बाहेर आली. तोंडातले पिल्लू तिने साकवावरून ओढ्यापलीकडे नेले आणि दुसऱ्यासाठी परत आली. कोरडी कपार सोडून ही आई लेकरांना पावसात का नेते आहे? येसू झरोक्यापासून उठली. तिने बाळ पदराखाली घेतले आणि ती बाहेर पडली.

“अगो, पाचवी नाय झाली अजून! पोराला मारतेस काय?” भागीरथी ओरडत मागे धावली.

बाळंतीण पावसात पळते आहे म्हटल्यावर घरी राहतो कोण! हातातली कामे टाकून अख्खा कोंड तमाशा बघायला निघाला. साकवापलीकडे भागीरथीने सुनेचा हात पकडला आणि ती तिला मागे ओढू लागली. तेवढ्यात डोंगर खाली आला. घर, गोठा, बाळंतिणीची खोली, सगळे दगडांखाली गेले. भागीरथीने तो हात कितीतरी वेळ सोडला नाही, असे सांगतात. तिला सुनेकडे बघायचीही लाज वाटत होती.

पाऊस ओसरल्यावर उंदरीण पिल्ले घेऊन नव्या धोंड्यांत शिरली. कुणी तिच्यावर काठी उगारली, तशी भागीरथी आडवी आली. “उंदीर नका म्हणू तिला. तीपण बाळंतीणच हाय.” तेच नाव पडले.

आजही खडपकोंडात पाचवीला अळिवाच्या खिरीची पहिली वाटी धोंड्यांपाशी ठेवतात. ती ठेवायला तान्ह्याला घेऊन बाळंतीणच जाते. सासू हात धरून तिला उंबऱ्याबाहेर काढते, आणि माघारी कधी फिरायचे ते सून सांगते.