डिंकाचा थेंब

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ऐकणारे लहान असोत की म्हातारे, ज्यांना आपल्या बारीक नजरेची घमेंड आहे त्यांनी जरा पुढे सरकून बसावं.

एका राज्यात एक चितारी होता. स्फटिकाचं भिंग डोळ्याला लावून तो राजाच्या बागेतली फुलं आणि त्यांवरचे किडे रंगवायचा. मोहरीएवढा किडा हातभर कागदावर असा उतरवायचा, की बघणाऱ्याने दचकून हात मागे घ्यावा. बागेची म्हातारी माळीण रोज दुपारी आपल्यातली अर्धी भाकरी त्याला द्यायची. त्याला दुसरं कुणी नव्हतं, तिलाही नव्हतं.

अडचण एकच होती. फूल जागेवर राही, मधमाशी राहत नसे. मग चिताऱ्याने युक्ती काढली. पाकळीवर डिंकाचा थेंब लावायचा. माशी चिकटून पाय झाडत बसे आणि ह्याचं चित्र सावकाश पुरं होई.

"अरे लेका, मरतात रे त्या," माळीण म्हणाली.

"मावशी, बागेत माश्यांना काय तोटा आहे?" असं म्हणून तो रंग कालवू लागला.

राजा चित्रांवर खूश झाला आणि त्याने आणखी शंभर मागितली. चिताऱ्याने बागभर डिंक लावला. दोन वर्षांत बागेतली गुणगुण थांबली. त्या साली डाळिंबाची फुलं नुसतीच गळाली, एकही फळ धरलं नाही.

बागेतलं पहिलं डाळिंब कुलदेवीला वाहायचा तिथे रिवाज होता. तो चुकला, की माळ्याला हद्दपार करत. राजाने म्हातारीला दरबारात उभं केलं.

"महाराज, पाण्याला मी कधी चुकले नाही," ती म्हणाली. "माश्याच उरल्या नाहीत."

"कुठे गेल्या?"

तिने चिताऱ्याकडे पाहिलं. त्याचं त्याने सांगावं, अशी तिची इच्छा होती. चितारी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. राजाची मर्जी जाईल, ह्या भीतीने त्याची वाचा बसली. शिपायांनी तिला भर उन्हात हद्दीपलीकडच्या माळावर नेऊन सोडलं. तिथे पाण्याचा टिपूस नव्हता.

चार दिवसांनी राजा सहज ते भिंग घेऊन चित्र बघत होता. माशीच्या पायाशी त्याला पिवळा थेंब दिसला, आणि त्यात रुतलेला पाय. चिताऱ्याचा हातच असा, की दिसलेलं त्याला गाळता येत नसे.

"हे काय आहे?" राजाने विचारलं.

चिताऱ्याने रडत सगळं सांगितलं. घोडेस्वार माळावर धावले. म्हातारी एका खडकाच्या आडोशाला मरून पडली होती. तिच्या पदराला अर्धी भाकरी बांधलेली होती, वाळून कडक झालेली. कुणासाठी ठेवली होती, ते चिताऱ्याला कुणी सांगावं लागलं नाही.

राजाने त्याला मारलं नाही. "माश्यांचं काम आता तू कर," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून फुलांच्या दिवसांत चितारी आपला कुंचला घेऊन ह्या फुलावरून त्या फुलावर पराग नेत राही. शंभर फुलांतून दोन-चार फळं धरत. दुपार झाली, की तो झाडाखाली जाऊन बसे. त्याला भाकरी द्यायला कुणी येत नसे.

म्हणून सांगतो, जगाचं बारीकसारीक टिपणाऱ्याने आपल्या हातून काय घडलं तेही पाहावं, आणि ते वेळेवर बोलून दाखवावं.